गुडघ्यासाठी स्टेम सेल की फिजिओ? मी कशावरून ठरवलं

गुडघ्याच्या झिजेचा (संधिवाताचा) ग्रेड टू किंवा थ्री, म्हणजे मधल्या टप्प्याचा एक्स-रे हातात घेऊन जे विचारात पडलेत त्यांच्यासाठी लिहितोय. ग्रेड फोर असेल, पाय वाकला असेल तर तो विषय वेगळा, त्यात मी पडत नाही. माझ्यासमोर दोन रस्ते होते. एक, कमरेच्या हाडातून बोन मॅरो काढून त्यातल्या सेल त्याच दिवशी गुडघ्यात सोडायच्या, आणि दुसरा, फिजिओ आणि वजन उतरवणं.

आधी माझीही समजूत हीच होती की सेल आत जाऊन नवी गादी, म्हणजे हाडांमधली झिजलेली कूर्चा, बनवतात. वाचत गेलो तसं कळलं की त्यांचं मुख्य काम ते नाहीच. सुजलेल्या सांध्यात टीएनएफ, आयएल-वन, इंटरफेरॉन गॅमा असली रसायनं वाढलेली असतात, त्यांची चाहूल लागली की या सेल जाग्या होतात आणि प्रोस्टाग्लँडिन ई-टूसारखे पदार्थ सोडून भडकलेल्या मॅक्रोफेज पेशींना, म्हणजे शरीराच्या संरक्षक पेशींना, थंड करतात, म्हणजे सूज हीच त्यांना मिळालेली हाक. आता गोची बघा. तेच टीएनएफ आणि आयएल-वन त्यांना गादीच्या सेल बनू देत नाहीत. म्हणजे गुडघा जितका तापलेला, तितकी गादी बनायची आशा कमी, आणि गुडघा अगदी शांत असेल तर त्यांना जागं करणारं फारसं काही नाही. ज्या आर्नॉल्ड कॅप्लान या अमेरिकन शास्त्रज्ञांनी १९९१ मध्ये या सेलचं मेसेंकायमल स्टेम सेल हे नाव रूढ केलं त्यांनीच २०१७ मध्ये लिहिलं की हे नाव बदला, या सेल संदेश देणाऱ्या आहेत. मला हे वाचून बरं वाटलं, निदान आपण नक्की कशाचे पैसे देणार ते तरी कळलं.

हे डोक्यात घेऊन मी क्लिनिकमध्ये गेलो. त्या दिवशी दादरचा पूल चढून गेलो होतो, उजवा गुडघा इतका भरलेला की पँट तिथे घट्ट बसत होती आणि हाताला गरम लागत होता. काउन्सेलरने लॅमिनेट केलेले फोटो दाखवले, आधीची गादी, नंतरची गादी, पॅकेज, हप्ते. तीनदा गेलो. तीनही वेळा कोणी गुडघ्याला हात लावला नाही, सूज कधी येते, किती दिवस राहते, काही नाही. मी स्वतःहून म्हटलं की आज पाणी झालंय, त्याचा सेलवर काय परिणाम होईल? तर उत्तर आलं, काका काळजी करू नका, सेलना सगळं कळतं. मॅरोत या सेल दहा हजारांत एक, कधी लाखात एक असतात म्हणून किती सेल जाणार तेही विचारलं, त्यालाही धड उत्तर नाही. पण मला खरं लागलं ते हात न लावण्याचं. ज्या उपचाराचं सगळं गणित सुजेवर, तिथे सूजच कोणी बघत नाही?

फिजिओ मॅडमनी पहिल्याच दिवशी काय केलं, मांडीकडून एका हाताने दाबत खाली आणलं आणि दुसऱ्या हाताच्या बोटांनी वाटी टकटक दाबली. "पाणी आहे, आज पाय वाकवायचा नाही, नुसता टॉवेल दाबा." गुडघ्याखाली गुंडाळलेला टॉवेल, दहा आकडे मोजेपर्यंत दाबून धरायचा, सोडायचा. तिथेच माझं ठरलं म्हणा ना.

अभ्यासांचं म्हणाल तर २०१७ मध्ये अमेरिकेत २५ जणांच्या एका गुडघ्यात बोन मॅरो आणि दुसऱ्यात नुसतं सलाईन दिलं होतं, दुखणं दोन्हीकडे सारखंच कमी झालं. २०२३ च्या मोठ्या ट्रायलमध्ये तीन प्रकारच्या सेल स्टेरॉइडच्या इंजेक्शनशी ताडून बघितल्या, वर्षाने कोणतीच पुढे नव्हती. आणि २०२० च्या एका ट्रायलमध्ये १५६ जणांत वर्षाअखेर फिजिओवाले स्टेरॉइडवाल्यांच्या पुढे होते. सेल आणि फिजिओची ही थेट तुलना नाही, मान्य.

सेलच्या बाजूनेही एक सांगायला हवं. आपल्याकडे २०२२ मध्ये दात्यांच्या मॅरोतून वाढवलेल्या सेलच्या इंजेक्शनला ग्रेड टू-थ्रीसाठी परवानगी मिळाली, त्यात अडीच कोटी सेल मोजून असतात आणि १४६ जणांच्या ट्रायलमध्ये नुसत्या प्लासिबोपेक्षा (औषध नसलेल्या इंजेक्शनपेक्षा) फरक दिसला होता. सेल घ्यायच्याच असतील तर मी आधी तिकडे चौकशी करेन. ज्यांना व्यायाम जमतच नाही किंवा करूनही गुण आला नाही त्यांनी विचार करायला हरकत नाही, माझं एकट्याचं ऐकून ठरवू नका.

फिजिओ कंटाळवाणा आहे हे खरं. पहिले दीड महिने मला काहीच फरक नव्हता, सोडून द्यावंसं वाटलं. वजन सहा किलो उतरलं, आणि एक किलो उतरलं की प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा चार किलोचा भार कमी होतो म्हणतात, ते मला चौथ्या महिन्यात जाणवलं. पूर्वी पुलावरून आडवा होऊन एकेक पायरी उतरायचो आणि मागची गर्दी खोळंबायची, आता कठडा धरून सरळ उतरतो. मांडी घालून बसणं अजून जमत नाही, पूजेला खुर्चीच लागते.

आणि बोन मॅरोचे पैसे भरून झाले असतील तरी मांडीचा व्यायाम आजच सुरू करा, कारण इंजेक्शननंतरही तीन महिने फिजिओ करावाच लागणार होता. हे मला क्लिनिकवाल्यांनी तिसऱ्या व्हिजिटला, हप्त्यांचं बोलणं संपल्यावर सांगितलं.