दिवाळीपासून आगोटीपर्यंत: कोकणात वापरलेल्या कॅम्पिंग सामानाचा हिशेब

दिवाळीनंतर घेतलेलं सामान आता आगोटीच्या, म्हणजे पावसाळा लागण्याच्या, तोंडावर माळ्यावर जाईल, तेव्हा अनुभव लिहून टाकतो. वापर सगळा कोकणातला: गुहागरपासून खाली वेंगुर्ल्यापर्यंत, कधी सुरूच्या बनात, कधी देवगड-राजापूरकडच्या सड्यांवर, म्हणजे जांभ्याच्या उघड्या माळांवर. लडाखला जाणाऱ्यांच्या याद्या बघून इथलं सामान घेऊ नका. तिथं थंडीशी गाठ असते, इथं खाऱ्या वाऱ्याशी. आणि हा वारा घरी आल्यावर, कपाटात ठेवलेल्या वस्तू खातो. म्हणून मी आता दोनच गोष्टी बघतो: वस्तू नळाखाली धुता येते का आणि बिघडलेला भाग सुटा काढून बदलता येतो का.

सगळ्यात जास्त शिकवलं तंबूनं. तिघांचा, दुहेरी थराचा, बाहेरचं कापड पॉलिस्टर. नायलॉन भिजलं की सैलावतं आणि पहाटेच्या दवात बाहेरचा थर आतल्या जाळीला टेकतो. पॉलिस्टर बऱ्यापैकी ताठ राहतं. कापडावर ३००० मिमी लिहिलंय, म्हणजे तेवढ्या उंचीच्या पाण्याचा दाब सोसेपर्यंत ते गळत नाही. अवकाळीच्या सरींना हे पुरेसं झालं. याहून मोठ्या आकड्यामागे लागण्यापेक्षा वारा खेळायला वर-खाली झरोके आहेत का ते बघा. सकाळी तंबूत जे पाणी दिसतं ते बहुतेक वेळा आपल्याच श्वासाचं असतं.

काठ्यांबाबत माझं मत दुकानदारांच्या उलट आहे. ॲल्युमिनियमच्या काठ्या हलक्या आणि मजबूत, कबूल. पण खारं पाणी सांध्यांत मुरलं की तिथं पांढरी भुकटी धरते आणि काठ्या एकमेकींत अडकून बसतात. सामान गाडीच वाहणार असेल तर वजनाचं कौतुक कशाला? फायबरग्लासला गंज नाही. चिरली तर कुसळं बोटात जातात, म्हणून सोबत चिकटपट्टी ठेवायची, झालं.

पहिली मान टाकते ती चेन. बारीक वाळू रनरमध्ये शिरते, तो घासून सैल होतो, मग चेन लावली तरी मागून उघडत जाते. जुन्या टूथब्रशनं गोड्या पाण्यात धुवायची, वाळली की मेणबत्ती घासायची. रनर गेलाच तर बॅगा दुरुस्त करणारा नवा बसवून देतो. त्यासाठी तंबू टाकायची गरज नाही.

सोबत आलेल्या बारीक खुंट्या इथं दोन्हीकडे निरुपयोगी. वाळूत त्या उपसून येतात. त्यापेक्षा पिशवीत वाळू भरून किंवा जाडसर फाटी आडवी करून हातभर खोल पुरायची आणि तिला दोरी बांधायची. सड्यावर जांभ्यात खुंटी शिरतच नाही. सरळ धोंडे गोळा करा. नारळाखाली तंबू ठोकू नये हे कोकणात सांगायला नको, पण पुण्या-मुंबईचे लोक ठोकताना बघितलेत.

आता गाडी. पुळणीवर, म्हणजे किनाऱ्याच्या वाळूत, गाडी घालणं बहुतेक ठिकाणी मना आहे आणि ते योग्यच आहे. वेळास, आंजर्ले, केळशी इथं तर वाळूत कासवांची अंडी असतात. पण किनाऱ्याकडं जाणाऱ्या सुरूतल्या वाटाही रुतवायला पुरेशा आहेत. अशा वाटेवर टायरची हवा ३० वरून १८ पीएसआयपर्यंत उतरवली की निम्मं काम होतं. १५ च्या खाली गेलात तर वळताना टायर रिमवरून सुटू शकतो. कुठंही थांबायचं तर भरतीची वेळ काढून ठेवा: तिथीची पाऊणपट केली की साधारण तास मिळतात, म्हणजे दशमीला साडेसात.

हवा परत भरायला घेतलेला कॉम्प्रेसर बॅटरीला चिमटे लावून चालणारा आहे. सिगारेट लायटरच्या सॉकेटवर चालणारे लहान पंप मोठ्या टायरला दमतात, आणि जास्त करंट ओढला तर फ्यूज उडवतात. रुतलेली गाडी ओढायला नायलॉनचा कायनेटिक दोर आहे. तो ताणला जातो, त्यामुळे झटका गाडीच्या चासीला न बसता दोरात जिरतो. पण धाग्यांत वाळू आणि मिठाचे खडे राहिले तर ते आतून धागा कापतात. प्रत्येक वापरानंतर बादलीत बुडवून, हातानं चोळून, सावलीत वाळवायचा. ओढताना दोरावर मधोमध ओलं गोणपाट टाका आणि बघ्यांना लांब पिटाळा. टो-बॉलला, म्हणजे ट्रेलर जोडायच्या मागच्या लोखंडी गोळ्याला, दोर अडकवू नका. तो गोळा तुटला तर गोळीसारखा येतो.

हेडटॉर्च बदलावी लागली. डब्यावर आयपीएक्स७ होतं, म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास. पण ती चाचणी गोड्या पाण्याची. चार्जिंगच्या भोकात खारी ओल राहिली आणि तशीच चार्जिंगला लावली तर आतले विजेचे संपर्काचे बिंदू गंजतात. नवी सुट्या सेलची घेतली. स्टोव्हबद्दल फार लिहायला नको: आपल्या हवेत साध्या ब्यूटेनच्या डब्या उत्तम पेटतात. फक्त डबी उन्हात बंद गाडीत ठेवू नका आणि लायटर वेगळा सोबत ठेवा, कारण स्टोव्हवरचं खटक्याचं बटण खाऱ्या हवेत लवकर रुसतं.

धुण्याबाबत एक गोष्ट ध्यानात ठेवा. उन्हाळ्यात किनाऱ्यालगतच्या पुष्कळ विहिरींचं पाणी मचूळ होतं. त्यानं तंबू किंवा गाडीचा खालचा भाग धुतला तर मीठ तिथंच राहतं. मी आत गावात आल्यावर नळाला धुतो; गाडीच्या दरवाजांखालची पाणी निथळायची भोकंही काडीनं मोकळी करतो. तंबू पूर्ण वाळवून सैलसर गुंडाळतो आणि उशीच्या सुती अभ्र्यात ठेवतो, त्याच्या घट्ट पिशवीत नाही. दमट उष्णतेत कापडावरचा पाणी अडवणारा पॉलियुरेथेनचा थर विघटित होऊन चिकट होतो, त्याला आंबूस वास येतो आणि मग कितीही धुवा, तो तंबू गेला. यंदा पावसाळ्यात श्रावणाची उघडीप मिळाली की एकदा उन्हं दाखवणार आहे.