कर्जाला ‘नाही’ कोण म्हणणार? पतसंस्थेसाठी दोन एआय प्रणाली

नाशिकमधल्या तुमच्या पतसंस्थेत कर्जप्रस्ताव तपासायला एआय घ्यायचा विचार असेल, तर किमतीआधी विक्रेत्याला विचारा: शेवटचा शब्द कुणाचा? ढोबळमानाने प्रणाली दोन प्रकारच्या. एकीत यंत्रच गुण देऊन मंजूर-नामंजूर ठरवतं. दुसरीत ते कारणांसह शिफारस करतं, सही कर्ज अधिकाऱ्याची.

पहिली झटपट चालते आणि वशिल्याला वाव कमी राहतो, हा तिचा मोठा गुण. अंबड-सातपूरच्या पगारदार कामगाराला ती बहुधा नीट जोखेल. प्रश्न निफाड-दिंडोरीच्या द्राक्ष बागायतदाराचा आहे. ऑक्टोबरच्या गोडी छाटणीपासून (फळ धरण्यासाठीची छाटणी) औषधं, डिपिंग (घड संजीवकाच्या द्रावणात बुडवणं), मजुरी यांत पैसा जातच राहतो. येतो तो माल तुटल्यावर. दरमहा जमा होणाऱ्या पगारांवर शिकलेल्या प्रणालीला हेच खातं डिसेंबरात धोक्याचं दिसू शकतं. बागेत घड भरत असतात आणि पडद्यावर ‘जोखीम जास्त’. दुसऱ्या प्रकारात ‘तीन महिने जमा नाही’ हे कारण समोर येतं आणि हंगाम जाणणारा अधिकारी ते खोडून काढू शकतो.

मात्र नुसता माणूस बसवून भागत नाही. नेदरलँड्समध्ये बालसंगोपन अनुदानाचे संशयित अर्ज निवडणाऱ्या प्रणालीत नागरिकत्व हाही एक निकष होता. निवडलेले अर्ज पुढे कर्मचाऱ्याकडेच जात, पण यंत्राने ते का निवडले हे त्याला कळत नसे. या अनुदान प्रकरणात हजारो कुटुंबांवर फसवणुकीचा खोटा ठपका बसला आणि जानेवारी २०२१ मध्ये सरकारला राजीनामा द्यावा लागला. म्हणून कारण न दाखवणारी प्रणाली मी पहिल्या प्रकारातच धरतो, सही कुणाचीही असो.

युरोपीय संघाच्या २०२४ च्या एआय कायद्याने व्यक्तीची कर्जपात्रता ठरवणाऱ्या प्रणाली उच्च जोखमीच्या मानल्या आहेत आणि त्यांवर मानवी देखरेखीची अट घातली आहे. आपला २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा संमती, दुरुस्ती, तक्रार यांची सोय करतो. यंत्राने कर्ज का नाकारलं, हे विचारण्याचा थेट हक्क देत नाही. तो सभासदाला हवा असेल तर करारातच लिहून घ्या.

माझा कौल दुसऱ्या प्रकाराला. घेण्याआधी कर्ज वेळेत फेडलेल्या बागायतदारांच्या जुन्या फायली, नावं काढून, तिच्यावर चालवून बघा. पुढे अधिकारी किती वेळा शिफारस बदलतात याची नोंद ठेवा. एकदाही बदलत नसतील तर सही नावापुरतीच उरली आहे. ठेवतारण कर्जाला मात्र पहिला प्रकार पुरेसा आहे, तारण संस्थेच्याच हातात असतं.