घोडा टेम्पोतून नेताना खोगीर-लगाम चढवून न्यावा की उतरवून?

लग्नाची वरात, शिवजयंतीची मिरवणूक, दसरा चौकातलं सीमोल्लंघन, पन्हाळ्यावरची रपेट. कोल्हापुरात घोडा टेम्पोत चढतो तो बहुतेक वेळा अशा कामासाठी. निघायच्या आधी तबेल्यात हमखास वाद होतो: इथंच कसून घ्यायचा, का तिथं पोचल्यावर? दोन्ही बाजूंची माणसं घोड्याची काळजी असणारीच असतात, आणि दोघांकडेही कारणं असतात.

माझं मत आधीच सांगतो. खोगीर आणि लगाम हा एक प्रश्न नाही, दोन आहेत. लगामाबाबत उत्तर ठाम आहे: गाडी हलायच्या आत तो घोड्याच्या तोंडातून निघालेला असावा, मग अंतर दोन किलोमीटर असो वा दोनशे. खोगिराबाबत मात्र वेळ, रस्ता, गाडी आणि घोडा पाहून ठरवावं लागतं. बरेच जण दोन्ही एकत्र धरतात, म्हणून वाद मिटत नाही.

लगाम

घोड्याचे पुढचे दात आणि दाढा यांच्यामध्ये मोकळी हिरडी असते. लगामाची कडी तिथं बसते. खाली हाड आणि वर पातळ कातडी, एवढंच. स्वाराच्या हातात वाग, म्हणजे लगामाची दोरी असते तेव्हा तो ताण कमी-जास्त करू शकतो. टेम्पोच्या दांडीला बांधलेली वाग तसं काही करत नाही. ड्रायव्हरनं ब्रेक मारला, घोडा मागे हिसडला, की त्याच्या सगळ्या वजनाचा झटका त्या हिरडीवर आणि जिभेवर येतो. जीभ फाटते, हिरडीला खोल जखम होते, नाहीतर पट्टा तुटून बिथरलेला घोडा गाडीत मोकळा होतो. त्यामुळे वागेनं घोडा कधीच बांधू नये, उभ्या गाडीत तर नाहीच आणि चालत्या गाडीत अजिबात नाही.

"आम्ही वागेनं बांधत नाही, वरून मोहरकी घालतो आणि दोर तिला लावतो," असं काही जण सांगतात. मोहरकी म्हणजे तोंडात कडी नसलेलं, नुसतं डोक्याभोवती बसणारं बंधन. हे नक्कीच बरं, पण पुरेसं नाही. कडीच्या रिंगा तोंडाच्या बाजूला बाहेर असतात. फळीची खिळ, दाराची कडी, शेजारच्या घोड्याचा दोर, काहीही त्यात अडकू शकतं. घोडा डोकं घासतो, ते त्याच्या स्वभावातच आहे, आणि अडकतं ते तेव्हाच.

दुसरं कारण श्वासाचं आहे, आणि लांबच्या प्रवासात ते पहिल्याहून मोठं ठरतं. घोड्याला मान खाली घालता आली तरच नाकातली आणि श्वासनळीतली धूळ-शेंबूड बाहेर पडतो. डोकं तासन् तास वर बांधून ठेवलं तर ती घाण आत साचते आणि फुप्फुसाचा आजार जडतो. प्रवासानंतर एक-दोन दिवसांनी घोड्याला ताप येतो, तो चारा सोडतो, त्यामागे पुष्कळदा हेच असतं. लगाम घातलेल्या घोड्याचा दोर माणूस सहसा आखूडच बांधतो, कारण वागा पायात येण्याची भीती असते. नुसत्या मोहरकीवर दोर इतका ठेवता येतो की घोड्याला डोकं छातीच्या खाली नेता येईल, पण पाय दोरावर जाणार नाही. गाठ एका ओढीत सुटणारी हवी.

चढवताना मात्र लगामाचा उपयोग आहे. नवा किंवा हट्टी घोडा फळीवर चढत नसेल तर नुसत्या मोहरकीवर तो आवरत नाही. अशा वेळी आत मोहरकी, वर लगाम असा घालावा, घोडा चढवावा, दोर मोहरकीला बांधावा आणि मग लगाम काढून घ्यावा. अर्ध्या मिनिटाचं काम आहे. उतरवताना याच्या उलट करावं. हाताळणी तेवढीच सुरक्षित राहते आणि प्रवासात तोंड मोकळं राहतं.

खोगीर

खोगीर ठेवून नेण्याच्या बाजूनं सगळ्यात सच्चा मुद्दा गर्दीचा आहे. दसरा चौकाजवळ ढोल-ताशा सुरू आहे, पोरं घोड्याला हात लावायला धावतायत, खोगीर ठेवायला धड भिंतही नाही, आणि मोतद्दार, म्हणजे घोडा सांभाळणारा, एकटा. अशा जागी बिचकलेल्या घोड्याच्या पाठीवर नमदा (खोगिराखालची जाड घडी) नीट बसवणं आणि तंग (खोगीर पोटाखालून बांधायचा पट्टा) आवळणं अवघड असतं. घाईत नमद्याला घडी पडते, तंग तिरका बसतो. जोतिबाच्या चैत्र यात्रेत तर गुलाल इतका उधळला जातो की उघड्या नमद्यावर तो पडणारच, आणि घामेजल्या कातडीवर नमद्याखाली गुलाल गेला की ती सोलवटते. तबेल्यात शांतपणे कसलेला घोडा या त्रासातून वाचतो.

बाहेरच्या देशांतही कसलेले घोडे नेतात, ही गोष्ट खरी आहे. अमेरिकेच्या पश्चिमेकडचे गुराखी पहाटे खोगीर चढवून घोडा ट्रेलरमध्ये घालतात आणि कुरणावर उतरले की थेट कामाला लागतात. ब्रिटनमध्ये शिकारी कुत्र्यांमागे घोडे घालणारी मंडळीही तेच करतात. पण ते घोडे ज्या गाडीतून जातात ती मुळात घोड्यासाठी बांधलेली असते: रुंद, हवेशीर, आत टोकदार काही नसलेली. घोडेही लहानपणापासून त्याला सरावलेले. आपल्याकडे सकाळी ऊस किंवा भाजी वाहिलेला पिकअप दुपारी घोड्यासाठी येतो. त्याच्या बाजूच्या पत्र्याला काय काय बाहेर आलेलं असतं ते हात फिरवून पाहिलं की कळतं. त्यांची सवय आपल्या गाडीला तशीच्या तशी लावता येणार नाही.

आता खोगीर उतरवून नेण्याच्या बाजूचं. घोडा गाडीत स्वस्थ उभा नसतो. प्रत्येक वळणाला, प्रत्येक गचक्याला तो पाय फाकवतो, अंग इकडून तिकडे टाकतो, मानेनं तोल धरतो. तंग घट्ट असेल तर कोपरामागची नाजूक कातडी सतत घासली जाते. सैल केला तर खोगीर सरकतं, आणि हा धोका त्याहून वाईट. पोटाखाली गेलेलं खोगीर लाथाडत घोडा बंद गाडीत पिसाळला तर आत शिरून त्याला सोडवणं माणसाच्या जिवावर बेतू शकतं.

उन्हाचा विचार वेगळा करायला हवा. घोडा अंग थंड ठेवतो ते घामानं, आणि पाठीचा मोठा भाग नमदा-खोगिराखाली झाकलेला असेल तर तिथला घाम वाळत नाही. वर ताडपत्री, खाली तापलेला पत्रा, एप्रिल-मे महिना. पोचेपर्यंत नमदा भिजलेला असतो, आणि त्याच ओल्या नमद्यावर माणूस बसतो. पाठ लागायला आणखी काय हवं? पावसाळ्यात उलटी गत: चामडं भिजतं, फुगतं आणि वाळताना कडक होतं.

खोगिराचंही नुकसान होतं. घोडा पत्र्याला टेकला, किंवा खाली बसला, तर आतला सांगाडा तडकतो. बाहेरून काही दिसत नाही. मग ते खोगीर रोज पाठीच्या एकाच जागी टोचत राहतं, आणि घोडा का बिघडला याचा शोध आपण महिनोन् महिने दुसरीकडेच घेतो.

कायदा काय सांगतो

प्राण्यांच्या वाहतुकीचे केंद्राचे 1978 चे नियम आहेत, त्यात घोडे-खेचरं-गाढवांसाठी वेगळं प्रकरण आहे. घोडा प्रवासाला धडधाकट असल्याचा पशुवैद्याचा दाखला लागतो. साध्या मालवाहू ट्रक-टेम्पोत पाय घसरू नयेत अशी जमीन हवी, दोन जनावरांमध्ये किमान 8 सेंटिमीटर जाडीचा बांबू हवा, तोंडं डावीकडे, म्हणजे येणाऱ्या-जाणाऱ्या वाहनांपासून दूर हवीत. एका गाडीत चार ते सहापेक्षा जास्त घोडे नकोत, सोबत एक माणूस हवा आणि वेग ताशी 35 किलोमीटरच्या वर नको.

यातल्या दोन गोष्टी आपल्या प्रश्नाला थेट भिडतात. एक म्हणजे बांबू. लोंबती रिकीब (स्वारानं पाय ठेवायची कडी) बांबूत अडकली की घोडा जागच्या जागी जखडतो, त्यामुळे खोगीर ठेवायचंच असेल तर रिकिबी वर ओढून बांधल्याच पाहिजेत. दुसरी गोष्ट वेग. 35 च्या वेगानं हिशोब केला की आपण ज्याला "हे काय, जवळच आहे" म्हणतो ते तितकं जवळ राहत नाही.

आपल्या वाटांवर

शहरातल्या शहरात, म्हणजे रंकाळ्याकडून दसरा चौकात किंवा एखाद्या मंगल कार्यालयात, वीस मिनिटांचा सपाट रस्ता, जाणता घोडा आणि एकट्यासाठी ऐसपैस गाडी असेल तर खोगीर ठेवून न्यायला माझी हरकत नाही. तंग बसताना आवळतो त्याहून एक-दोन भोकं सैल, पण खोगीर हलणार नाही इतका, छातीपट्टा लावलेला, रिकिबी वर, वरातीच्या झुली, घुंगरमाळा आणि झालरी वेगळ्या पिशवीत. उतरल्यावर तंग पुन्हा तपासल्याशिवाय नवरदेवाला वर बसवू नये.

पन्हाळा साधारण 20 किलोमीटर. 35 च्या वेगानं पस्तीस-चाळीस मिनिटं, आणि वाघबीळपासून चढ आणि वळणं. सपाटीवर एवढ्या वेळाला कदाचित खोगीर चाललं असतं, पण चढावर घोड्याचं वजन मागे जातं आणि खोगीरही मागे सरकू पाहतं. मी इथं उतरवूनच नेईन. सांगली, म्हणजे दीड तास, तिथं प्रश्नच नाही. आंबा किंवा करूळ घाट उतरून कोकणात, किंवा महामार्गानं पुण्याकडे 230 किलोमीटर, असा प्रवास असेल तर खोगीर गाडीच्या केबिनमध्ये, घोड्यापुढं चारा, आणि दर तीन-चार तासांनी थांबून पाणी.

नवा घोडा, नुकता विकत आणलेला, गाडीत घाबरणारा, किंवा दोन घोडे एकाच गाडीत असतील, तर अंतर कितीही कमी असो, खोगीर ठेवू नये. शेजारचा घोडा खोगिराचं चामडं चावतो, हेही अनेकांना अनुभवानंच कळतं.

मग गर्दीचं काय? जागा बदलून ते सुटतं. मिरवणुकीच्या तोंडाशी गाडी लावण्याऐवजी अर्धा किलोमीटर अलीकडे एखादं शाळेचं पटांगण किंवा मोकळी गल्ली पाहून ठेवावी. तिथं उतरवावं, पाणी दाखवावं, पाठीवरून तळहात फिरवून धूळ-काडी झटकावी, शांतपणे कसावं आणि चालवत न्यावं. तेवढ्या चालण्यानं प्रवासात आखडलेले पायही मोकळे होतात. वरात ठरवायला येणाऱ्यांना घोडा अर्धा तास आधी लागेल, हे सुपारी घेतानाच सांगावं. मुहूर्ताची घाई असलेला मामा ऐन वेळी ऐकून घेत नाही, पण आधी सांगितलं तर बहुतेक घरं जागा आणि वेळ दोन्ही देतात.