हरवलेलं मेंढरू की उधळा पुत्र?

भायखळ्याच्या चाळीत घरगुती प्रार्थनासभा आहे, बोलायला दहा मिनिटं. बायबलमधल्या लूकच्या शुभवर्तमानाच्या १५ व्या अध्यायातला कोणता दाखला, म्हणजे येशूने सांगितलेली बोधकथा, घ्यावा?

मेंढराचा सोपा. ९९ रानात सोडून मेंढपाळ एकाला शोधतो, खांद्यावर घेतो. देवच शोधत येतो, हे पोरांनाही कळतं.

पुत्राच्या दाखल्यात धाकटा पोरगा वाटणीचा पैसा उधळून घरी परततो. बाप शोधायला जात नाही, पण पोरगा दुरून दिसताच धावत सुटतो. 'मोलकरी म्हणून ठेवा' हे ठरवून आणलेलं वाक्य त्याला बोलूच देत नाही. झगा, अंगठी, जोडे मागवतो. मी हाच घेईन, आणि तोही थोरल्या भावासाठी. धाकट्याच्या स्वागतावर रुसून बाहेर थांबलेल्या त्या थोरल्याची समजूत घालायला बाप स्वतः बाहेर येतो. दर रविवारी न चुकता चर्चला जाणारे आपण बहुधा तिथेच उभे असतो. वेळ कमी पडला तर धाकटा डुकरं चारतो तो भाग झटपट उरका, थोरला गाळू नका.