काजू कारखान्यात एमआरपी आणि नियंत्रण तक्ते: हंगामापासून दिवाळीच्या मालापर्यंतचा अनुभव

सिंधुदुर्गातला मध्यम आकाराचा काजू कारखाना. वाफवणं, फोडणं, बोर्म्यात (गर सुकवायच्या भट्टीत) सुकवणं, सोलणं, ग्रेडिंग, पॅकिंग सगळं एकाच छपराखाली. तिथे एका मुक्त-स्रोत ईआरपीचं (कारखान्याचा सगळा कारभार नोंदवणारं सॉफ्टवेअर) उत्पादन मॉड्यूल, म्हणजे त्यातली एमआरपी (कोणता माल किती आणि कधी लागेल याचं गणित; पाकिटावरची किंमत नव्हे), आणि त्याच्या जोडीला एक्सेलमधले नियंत्रण तक्ते (मोजमापं क्रमाने मांडून प्रक्रिया नेहमीसारखी चालते का ते दाखवणारे आलेख) बी खरेदीपासून दिवाळीच्या मालापर्यंत वापरले. मत आधीच सांगतो. या दोन गोष्टी वेगवेगळ्या वापरल्या तर दोन्ही अर्धवट उपयोगाच्या आहेत. बीओएममध्ये (कशातून काय किती बनतं त्याची यादी) लिहिलेला उतारा, म्हणजे बीतून निघणाऱ्या गराचं प्रमाण, नियंत्रण तक्त्यावरून आला, तरच एमआरपीने काढलेल्या गरजेवर विसंबून ऑर्डर देता येते.

मुळातली अडचण अशी. जोसेफ ऑर्लिकी यांनी अमेरिकेत १९६० च्या दशकात एमआरपी बसवली ती जुळणीच्या कारखान्यांसाठी. पन्नास सुटे भाग येतात, एक यंत्र बाहेर पडतं. काजूत सगळं उलटं आहे. माल एकच येतो आणि बाहेर पडतात डब्ल्यू-१८०, २१०, २४०, ३२० (अख्ख्या गराचे ग्रेड; आकडा एका पौंडात बसणाऱ्या गरांचा), पाकळी, तुकडा, वर टरफल आणि साल. सॉफ्टवेअरला यातलं एकच उत्पादन मुख्य हवं असतं, बाकीची उपउत्पादनं म्हणून टाकावी लागतात.

हिशोब करून बघा. दिवाळीसाठी डब्ल्यू-३२० ची २५० ग्रॅमची ४,००० पाकिटं हवीत, म्हणजे १,००० किलो गर. शिल्लक २६० किलो, निव्वळ गरज ७४०. समजा बीचा उतारा २४ टक्के आणि एकूण गरात ३२० चा वाटा ३५ टक्के. मग ७४० भागिले ०.०८४, म्हणजे सुमारे ८,८१० किलो बी, ८० किलोच्या हिशोबाने १११ पोती. उतारा २२ टक्क्यांवर आला की हाच आकडा १२१ पोत्यांवर जातो. दोन टक्क्यांच्या फरकाने दहा पोती कमी पडतात, आणि ती ऑक्टोबरमध्ये मिळत नाहीत. दुसरी बाजू त्याहून मोठी आहे. ३२० चे ७४० किलो काढताना बाकी ग्रेडचा १,३७० किलोच्या वर गर तयार होतो, तो कोण घेणार याचं उत्तर एमआरपी देत नाही. म्हणून योजना एका ग्रेडवरून लावू नये. सगळ्या ग्रेडच्या ऑर्डरी समोर ठेवून पोती ठरवावीत आणि मग ती संख्या हाताने भरावी.

बी खरेदीसाठी एमआरपीचा उपयोग जवळपास शून्य. बी फेब्रुवारी ते मेमध्येच येते, वर्षभराची एकदम घ्यावी लागते, आणि तिथे निर्णय भाव, ओल आणि खेळतं भांडवल यांवर होतो. ज्यांना हे मॉड्यूल विकताना ‘कच्चा मालही आपोआप ऑर्डर होईल’ असं सांगितलं जातं, त्यांनी एवढं एक वाक्य सोडून द्यावं.

पॅकिंगच्या सामानासाठी मात्र ते सोन्यासारखं आहे. छापील पाऊच, लेबल, खोका, नायट्रोजनचा सिलिंडर. यांचा लीड टाइम (ऑर्डरपासून माल हाती येईपर्यंतचे दिवस) ठरलेला असतो आणि एक वस्तू नसेल तर बाकी सगळं पडून राहतं. पाऊचची गंमत अशी की छपाईवाला माल किलोवर देतो आणि आपल्याला लागतात नग. १०० रिकामे पाऊच तोलून घ्यावेत. ९०० ग्रॅम भरले तर २०० किलोच्या किमान ऑर्डरीत सुमारे २२,००० पाऊच येतात. हे रूपांतर आयटम मास्टरमध्ये (सॉफ्टवेअरमधली वस्तूंची मूळ यादी) पहिल्याच दिवशी भरावं, आणि लॅमिनेटची जाडी बदलली की पुन्हा.

लीड टाइम भरताना पुरवठादार सांगतो तो आकडा कोकणात चालत नाही. पावसाळ्यात करूळ किंवा आंबा घाटात दरड आली की घाटावरचा माल अडकतो. जून ते सप्टेंबरसाठी पाच-सात दिवस जास्तीचे धरावेत. सुट्ट्यांच्या यादीत गणपतीचे दिवस घालायला विसरू नये. नाहीतर सॉफ्टवेअर भर चतुर्थीला सोलण्याच्या विभागावर पूर्ण क्षमतेचं काम टाकतं, जेव्हा कारखान्यात माणूस नसतं.

एमआरपी रोज चालवू नये. एका ग्राहकाने ऑर्डर चार दिवस पुढे ढकलली की सगळ्या तारखा हलतात, खरेदीवाला वैतागतो आणि आठवड्यात कुणीच त्या यादीकडे बघेनासं होतं. सोमवारी एकदाच चालवायची आणि पुढचे दोन आठवडे गोठवून टाकायचे, हे जमलं.

साठ्याच्या बाबतीत सर्वांत मोठा घोळ पोत्यांचा. मार्चमध्ये १६ टक्के ओलाव्याची ८० किलो बी आत आली आणि खळ्यावर ९ टक्क्यांपर्यंत सुकली, तर उरते ७३.८ किलो. कोरडा भाग तोच राहतो, पाणी तेवढं जातं. साठा पोत्यांत ठेवला तर सॉफ्टवेअर तो अजून ८० किलोच धरतं आणि गोदामात आठ टक्के बी नुसती कागदावर असते. सुकवल्यानंतर फेरतोलणी करून किलोत नोंद करणं एवढाच उपाय. ऋण (शून्याखालच्या) साठ्याला परवानगी देणारी सेटिंग बंद ठेवावी. ती चालू असली की चुकीची नोंद अडत नाही, फक्त पुढे ढकलली जाते.

आता तक्त्यांकडे. पाकिटाच्या वजनासाठी एक्स-बार आणि आर तक्ता (नमुन्याची सरासरी, आणि पल्ला म्हणजे त्यातल्या सर्वांत जड व हलक्या पाकिटांतला फरक), दर अर्ध्या तासाला ५ पाकिटं. समजा सरासरी २५२.४ ग्रॅम आणि सरासरी पल्ला ३ ग्रॅम. पाचच्या नमुन्याला पल्ल्याचा ठरलेला गुणक ०.५७७, म्हणून सरासरीच्या मर्यादा २५०.७ ते २५४.१. पल्ल्याची वरची मर्यादा २.११४ गुणिले ३, म्हणजे ६.३. प्रक्रिया नियंत्रणात आहे, पण प्रत्येक पाकिटात २.४ ग्रॅम जास्त जातो. ४,००० पाकिटांत ९.६ किलो डब्ल्यू-३२०.

हे किती कमी करता येईल ते गर सांगतो. डब्ल्यू-३२० चा एक गर साधारण दीड ग्रॅमचा. काट्यावर २५० पार होईपर्यंत एकेक गर टाकला तर सरासरी जास्तीचं वजन अर्ध्या गराएवढं, पाऊण ग्रॅमच्या आसपास राहायला हवं. त्याच्या वर जे जातं ती हाताची सवय असते, नाहीतर पाऊचचं धडं (काट्यावर वजा करायचं रिकाम्या पाऊचचं वजन) चुकलेलं असतं. डब्ल्यू-१८० चा गर अडीच ग्रॅमच्या पुढे, म्हणून त्याचा पल्ला मुळातच मोठा. दोन्ही ग्रेड एका तक्त्यावर घातले की मर्यादा फुगतात आणि काहीच पकडलं जात नाही. पॅकबंद वस्तूंच्या २०११ च्या नियमांत २०० ते ३०० ग्रॅमच्या पाकिटाला ९ ग्रॅमची कमाल त्रुटी चालते, पण ती एकट्या पाकिटाला. सरासरी छापील वजनाखाली जाता कामा नये. ही कायद्याची रेघ आहे, नियंत्रण मर्यादा वेगळी. दोन्ही एकाच तक्त्यावर काढल्या की पॅकिंगवाल्या बायका ९ ग्रॅमची रेघ बघून निर्धास्त होतात. म्हणून कायद्याची रेघ तक्त्यावर काढूच नये.

फुटीसाठी, म्हणजे फुटलेल्या गरांच्या प्रमाणासाठी, पी तक्ता. प्रत्येक कटरवरून दर पाळीला २०० गर. सरासरी फूट ८ टक्के असेल तर वरची मर्यादा १३.८ टक्के येते. नमुना एकाच कटरचा असला पाहिजे, हे फार महत्त्वाचं. सगळ्या कटरचा माल एका टोपलीत ओतून मग २०० मोजले तर एका यंत्राचं बोथट पातं बाकीच्यांच्या चांगल्या कामात बुडून जातं. मर्यादा ओलांडली की आधी बीची साइझिंग बघावी. वेंगुर्ला-७ ची मोठी बी गावठी बीत मिसळली की पात्याचं अंतर कुणालाच नीट बसत नाही. मग वाफवल्यावर बी पुरेशी गार झाली होती का ते, आणि पातं शेवटी. सोलताना वाढलेली फूट ही वेगळी गोष्ट. ती बहुधा बोर्म्यात जास्त वाळलेल्या गरामुळे असते.

ओलाव्याला प्रत्येक बोर्म्याचं एकच वाचन मिळतं, तिथे एकेरी वाचनांचा आणि चल पल्ल्याचा (लागोपाठच्या दोन वाचनांतला फरक) तक्ता लागतो. सरासरी ४.२ टक्के, चल पल्ला ०.२, गुणक २.६६, म्हणून मर्यादा ३.६७ ते ४.७३. पाच टक्क्यांच्या आत. पण एप्रिलच्या या मर्यादा जुलैत लावू नयेत. पॅकिंगच्या खोलीतली हवाच बदललेली असते आणि गर तासाभरात ओल धरतो. पावसाळ्यासाठी खोलीत डीह्युमिडिफायर लावून नव्या वीसेक बॅचवरून मर्यादा पुन्हा काढाव्यात.

इशाऱ्यांचे नियम सॉफ्टवेअरवाले आठ-आठ देतात. दोनच ठेवावेत: एक बिंदू मर्यादेबाहेर, किंवा सलग आठ बिंदू मध्यरेषेच्या (सरासरीच्या रेषेच्या) एका बाजूला. सगळे नियम चालू केले की खोट्या लाल खुणा वाढतात आणि खऱ्या खुणेलाही कुणी उठत नाही.

हाच आठचा नियम एमआरपीला जोडायचा. वाफवण्याच्या प्रत्येक बॅचचा उतारा, म्हणजे किलो गर भागिले किलो बी, एकेरी तक्त्यावर मांडायचा. एखादी बॅच खाली गेली तर कारण शोधायचं, बीओएमला हात लावायचा नाही. सलग आठ बॅच मध्यरेषेखाली राहिल्या आणि कारण बीच असेल, जसं उशिराची पावसात भिजलेली बी, तरच बीओएममधला उतारा बदलायचा आणि एमआरपी पुन्हा चालवायची. रोजच्या उताऱ्यामागे बीओएम पळवला तर खरेदीची यादी रोज हलते. वर्षभर एकच आकडा ठेवला तर दिवाळीला पोती कमी पडतात.

उणीव एकच सांगण्यासारखी आहे. या मॉड्यूलमध्ये गुणवत्ता तपासणीची नोंद होते, पास की नापास एवढीच. तक्ता काढता येत नाही, आणि उताऱ्याच्या आकड्याला बीओएमपर्यंत जायला वाट नाही. ती एक्सेलमधून हाताने करावी लागते, आठवड्याला अर्धा तास. घ्यायचंच असेल तर बी येण्याच्या आधी, जानेवारीत सुरू करा. आयटम मास्टर, रूपांतरं आणि पाऊचचे लीड टाइम तोवर भरून होतात, आणि पहिल्या पोत्यापासून फेरतोलणीची नोंद मिळते.