जर्मनीला माणसं पाठवताय? आधी ईपीएफओचं कव्हरेज सर्टिफिकेट

पुण्यातून जर्मनीत शाखा काढणाऱ्यांसाठी ईपीएफओची (कर्मचारी भविष्य निर्वाह निधी संघटना) कव्हरेज सर्टिफिकेटची, म्हणजे कर्मचारी भारतातल्याच पीएफमध्ये असल्याच्या दाखल्याची, ही ऑनलाइन सेवा फारच मोलाची. 1 मे 2017 पासूनच्या भारत-जर्मनी सामाजिक सुरक्षा करारामुळे, हा दाखला असेल तर, तिथली 18.6 टक्के पेन्शन वर्गणी (निम्मी मालकाची) 48 महिन्यांपर्यंत वाचते, भारतातला पीएफ मात्र चालू ठेवावा लागतो. अर्ज कंपनीनं करायचा, प्रत्येक कर्मचाऱ्याचा वेगळा. पासपोर्ट आणि पीएफ नोंदीतलं नाव, जन्मतारीख जुळवून घ्या. अर्ज अडकतो तो बहुधा इथेच. आरोग्यविमा यात येत नाही, त्याची सोय वेगळी करा. आणि माणूस थेट जर्मन कंपनीच्या पगारावर घेतलात, तर तो 'पाठवलेला' ठरत नाही, सवलतही जाते. तेव्हा नेमणूकपत्राचा मसुदा अर्जाआधीच नीट तपासा.