बंपर उलटा करून पाहा

1,00,500 रुपये मोजून दिले आणि वर आप्पांच्या पद्मिनीचे दोन्ही बंपर, चार व्हीलकप, हेडलाइटच्या रिंगा आणि डिक्कीवरचा मोनोग्राम त्या माणसाला भेट दिला. भेटच म्हणायची, कारण सुतळी बांधताना गोणीचं तोंड मीच धरलं होतं.

गाडी 1984 ची, कुर्ल्याच्या कारखान्यातली. रंग मूळचाच हवा होता, फक्त नवा. गॅरेजवाल्याने 82,000 सांगितले, 40,000 आगाऊ. म्हणाला, "साहेब, टेप लावून मारू नका. सगळं सामान काढूनच मारू." आता मला कुणी अक्कल शिकवू नका, सल्ला शंभर टक्के बरोबर होता. टेप लावून मारलेला रंग कडेला पापुद्र्यासारखा सुटतो आणि पट्टीखालचा गंज तसाच कुजत राहतो. त्याला काम येत होतं, हेच तर माझं दुखणं. दाराचं पॅड काढून त्याने हँडलचे नट आतून सोडवले. मोनोग्राम पुढून पेचकस घालून उचकटला नाही, मागून हळूहळू पिना ढकलल्या. मी खूश होऊन दोनदा चहा सांगितला.

आणि मग तो क्षण. जो माणूस पाने-पकडी जमिनीवर आपटत होता, तोच प्रत्येक व्हीलकप वर्तमानपत्रात गुंडाळायला लागला. लोणच्याच्या बरणीसारखा, दोन-दोन पदरी. मला तेव्हा वाटायला हवं होतं की गिऱ्हाइकाच्या जुन्या पत्र्याला एवढं कोण जपतं? मला काय वाटलं, तर "किती काळजी घेतोय बिचारा!" बरं, काळी-पिवळी पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर 2023 अखेर मुंबईच्या रस्त्यावरून कायमची गेली. रस्त्यावर नसलेल्या गाडीच्या सामानावर कुणाचा डोळा असेल, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. डोळा तेव्हाच असतो, हे आता कळलं.

"क्रोमला पाठवतो," म्हणून 18,500 वेगळे घेतले, ऑनलाइन. उरलेले 42,000 गाडी हातात आल्यावर. गाडी लखलखत होती, सोसायटीतले फोटो काढत होते.

दसऱ्याला झेंडूचा हार बांधताना बंपरला गुडघा लागला आणि तो चक्क लवला. आमचा बंपर लवायचा नाही, माणूस लवायचा. बोटाने वाजवला तर डब्याचा आवाज. पूर्वी बिल्डिंगखालून व्हीलकप चोरीला गेल्यावर आप्पांनी सगळ्या सामानाच्या आतल्या बाजूला लाल ऑइलपेंटने गाडीच्या नंबरचे चार अंक लिहिले होते. मी रस्त्यावर आडवा होऊन आत टॉर्च मारला. कोरा.

त्याला विचारलं तर उत्तर तयार: "क्रोमच्या केमिकलमध्ये रंग निघून जातो, साहेब." हेही खरंच! पण पुढच्या बंपरच्या डाव्या टोकाला आतून वेल्डिंगचा जाड ओघळ होता, तो कुठल्या केमिकलने गेला? यावर फोन बंद.

सामान सुटत असताना प्रत्येक तुकड्याचा पुढून-मागून फोटो काढा. यादीवर त्याची सही घ्या. मी बिलसुद्धा घेतलं नाही, कारण त्याने जीएसटीचे पैसे वाचतील म्हटलं.

पोलीस ठाण्यात चार फेऱ्या मारल्या. पहिल्यांदा म्हणे हद्द आमची नाही, गॅरेज जिथे आहे तिथे जा. तिथे गेलो तर साहेब बंदोबस्तात. तिसऱ्या वेळी पाऊण तास बाकावर बसवून एकाने विचारलं, "जुना पत्रा गेला, नवा आला. तक्रार कसली?" बाजूचे दोघे हसले. विश्वासाने सोपवलेली वस्तू गिळली तर न्याय संहितेचं कलम 316 आहे, असं म्हणून मी मोबाइलवर दाखवायला गेलो तर "तुम्ही वकील आहात का?" चौथ्या फेरीत एनसी, म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याची नोंद, हातात दिली, त्यात "गाडीचे किरकोळ सामान" असं लिहिलंय. किरकोळ! त्याच किरकोळ सामानाला, फक्त दोन बंपरांना, बाजारात मला 22,000 सांगितले. ते लिहून घ्या म्हटलं तर "कोटेशन आणा." चोरीच्या मालाचं कोटेशन कोण देतो?

क्रोमला माल स्वतः घेऊन जा, स्वतः घेऊन या. नट-वॉशरच्या पिशव्यासुद्धा घरी ठेवा. आणि गॅरेजवाल्याचं कौतुक त्याच्या तोंडावर करू नका.

बायको म्हणते सोडा आता. गेल्या शनिवारी कुर्ल्याला सीएसटी रोडवर एका दुकानात पद्मिनीचा बंपर टांगलेला दिसला. काढायला लावला, उलटा केला, डावं टोक बोटाने चाचपलं. दुकानदार वैतागला, "क्या ढूंढ रहे हो, सेठ?"

वेल्डिंग नव्हतं. पुढच्या दुकानात गेलो.